हात वर केला की

रेकॉर्डरमधली हार्ड डिस्क मरताना फार तमाशा करत नाही. माणसांपेक्षा बरी. आधी आतून टकटक ऐकू येते, कुणी नखाने डबा वाजवावा तशी. मग रेकॉर्डर टीं टीं करायला लागतो. घरातलं कुणीतरी वैतागून ते टीं टीं बंद करतं आणि सगळे विसरून जातात. पडद्यावर चित्रं दिसतच राहतात. दार दिसतं, पॅसेज दिसतो, आत्ता जे चाललंय ते सगळं दिसतं. फक्त साठत काही नाही. चाळणीत पाणी ओतत राहावं, तसं.

हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. घरात जे बिघडलं ते उघडून बघत गेले. काही जुळलं, काही भंगारात गेलं. आता लोकांच्या घरी कॅमेरे लावते, रेकॉर्डर दुरुस्त करते. दादाच्या घरचे कॅमेरे मीच लावले होते. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. तीन कॅमेरे होते. एक बाहेरच्या दारावर, एक पॅसेजमध्ये आणि एक आईच्या खोलीत. आईच्या खोलीतला मान वळवणारा होता. फोनवर बोट सरकवलं की तो बारीक घुर्र करत हवा तिकडे वळायचा.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. वाचाही गेली होती. कॅमेरा लावून झाला की मी त्याच्यासमोर पंजा धरते आणि मग रेकॉर्डिंगमध्ये तो पंजा उमटलाय का ते बघते. गिऱ्हाइकालाही खात्री, मलाही. त्या दिवशी मी पंजा धरला, तर पलंगावरून आईनेही धरला. मला हसू आलं. दादा मात्र एकदम खूश झाला.

"जमलं," म्हणाला. "आई, काही लागलं की असाच हात वर करायचा. मी फोनवर बघेन."

आणि खरंच तशी पद्धत पडली. आईने हात वर करायचा. गावाच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसात बसलेल्या दादाने तो फोनवर बघायचा. मग त्याने घरी वहिनीला फोन करायचा, "आईने हात वर केलाय." आणि एका भिंतीपलीकडे भाजी चिरणाऱ्या वहिनीने सुरी खाली ठेवून आईकडे जायचं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

"त्यांच्या हाताशी घंटा बांधली असती तर एवढ्याशा पैशात झालं असतं," वहिनी म्हणायची. पण दादाला आईचं सगळं स्वतः करायचं होतं, ऑफिसात बसून. त्याने तिला बजावलं होतं, सारखी आत डोकावू नकोस, तिची झोपमोड होते, मी आहे ना बघायला.

एका दुपारी फोन आला नाही. वहिनी चहा घेऊन आत गेली तेव्हा आई गार पडली होती.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच सांगायचा. "नेमकी डिस्क गेलेली. कॅमेरे बंद. मला दिसणार कसं? पण ही तर घरात होती ना. एका भिंतीपलीकडे." लोक वहिनीकडे बघायचे. वहिनी म्हणायची, "फोन आला नाही." हे वाक्य कसं ऐकू येतं ते तिलाही कळायचं. तरी दुसरं वाक्य नव्हतंच तिच्याकडे.

दादा तिच्याशी बोलेनासा झाला. बाहेरून जेवून यायचा. वाढलेलं ताट तसंच झाकून राहायचं. एक दिवस त्याने कपाटावरची तिची बॅग काढली, धूळ पुसली आणि तिच्या पलंगावर ठेवून दिली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने पुसलेली ही पहिली धूळ, असं वहिनी मला नंतर म्हणाली.

आई गेल्याला महिना होत आला तेव्हा वहिनीचा फोन आला.

"वन्सं, नवीन डिस्क घेऊन ये. बसवून दे."

"आता कशाला, वहिनी?"

"उद्या म्हणतील मी घरातच नव्हते. परवा म्हणतील मीच काही केलं. असू दे माझं सगळं टिपून. निदान इथून पुढचं तरी."

मी रविवारी गेले. रेकॉर्डर पॅसेजमध्ये बुटांच्या कपाटावर होता, त्यावर छोटा पडदा. दादा खुर्ची ओढून समोरच बसला.

"आली आमची मिस्त्री," म्हणाला. मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायची त्याला शाळेपासूनची सवय. "पटकन उरक बाई."

मी चार स्क्रू काढले. जुनी डिस्क हातात घेतली, हलवली. आत काहीतरी सुटं झालं होतं. नवी डिस्क बंद पिशवीतून सगळ्यांसमोर काढली, बसवली, केबली जोडल्या. चालू केल्यावर सेटिंग बघताना दिसलं, धोक्याचा आवाज कुणीतरी बंद करून ठेवला होता.

"हा आवाज कुणी बंद केला?"

"ह्यांनी," वहिनी म्हणाली. "आई गेल्या त्याच्या आठवडाभर आधी. टीं टीं करून डोकं उठवलं होतं."

"म्हणजे डिस्क तेव्हाच गेली. पण कॅमेरे बंद नव्हते पडले," मी हाताने काम करता करता बोलून गेले. "डिस्क गेली तर रेकॉर्डिंग होत नाही एवढंच. फोनवर दिसतच राहतं."

वहिनीने दादाकडे बघितलं.

"माझ्या फोनवर नव्हतं दिसत," दादा म्हणाला. "नेट असेल गेलेलं. आणि आता ते ॲपच काढून टाकलंय मी. बघवत नाही ती खोली."

मी वाद घातला नाही. माझी एक पद्धत आहे. मेलेली डिस्क मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत आरपार खिळा मारून त्याच्याच हातात देते. घरातले कॅमेरे काय काय बघतात, कोण कुठे रडतं, कोण कुणाचं कपाट उघडतं. मेलेली डिस्कही चहाडी करू शकते. उद्या कुणी म्हणायला नको की बाईने ती घरी नेऊन बघितली. मी पिशवीतून हातोडी काढली तर दादा उठला.

"दे, मी मारतो."

एका घावात खिळा आरपार जातो. दादाने त्यानंतरही बरेच घाव घातले. खालच्या फरशीला टवका गेला तेव्हा थांबला.

मग मी नवी डिस्क फॉरमॅट केली, तिन्ही कॅमेऱ्यांसमोर पंजा धरला आणि तिन्ही पंजे रेकॉर्डिंगमध्ये उमटलेले वहिनीला दाखवले. आईच्या खोलीत पलंगावर नुसती गादी होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. रेकॉर्डरमध्ये महिन्याची दिनदर्शिका असते. ज्या तारखेचं रेकॉर्डिंग असेल त्या तारखेखाली हिरवा ठिपका येतो. एकच ठिपका होता, त्या दिवसाचा. बाकी पाटी कोरी.

दोन-तीन दिवसांनी वहिनीचा फोन.

"तुझी डिस्क मागे चाललीये गं."

"मागे म्हणजे?"

"तू ज्या दिवशी बसवलीस ना, त्याच्या आधीच्या दिवसाखाली ठिपका आलाय. काल आणखी आधीच्या. आज आणखी."

मला वाटलं घड्याळ चुकलं असेल. रेकॉर्डरचं घड्याळ चुकलं की तारखा भलतीकडे जातात, नेहमीचं आहे. गेले, बघितलं. घड्याळ बरोबर होतं. त्या आधीच्या तारखांवर फक्त आईच्या खोलीचं चित्र होतं, बाकी दोन कॅमेऱ्यांचं काही नाही. रिकामी गादी. ऊन भिंतीवरून सरकत जमिनीवर उतरतं, मग संध्याकाळ होते. एका दिवशी वहिनी येऊन खिडकी पुसते.

"हे मी डिस्क यायच्या आधी पुसलंय," वहिनी म्हणाली. "तेव्हा हा डबा रिकामा होता ना?"

"रिकामा होता."

"मग हे कुठून आलं?"

मी डिस्क काढून बघितली. तीच, माझीच. किती जागा भरली ते बघितलं. फक्त नव्या दिवसांचीच जागा भरलेली. जुन्या दिवसांना जागाच लागत नव्हती. पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि घरी येऊन लावलं, तर नुसता काळा पडदा. नव्या दिवसांचं मात्र स्वच्छ उतरलं होतं. दुसरा पेन ड्राइव्ह नेला. तेच. शेवटी फोनने पडद्याचा फोटो काढला. फोटोत दिनदर्शिका आली. हिरवे ठिपके आले नाहीत.

मी हे कुणाशी बोलले नाही. या धंद्यात बाईमाणसाला आधीच कुणी धड विचारत नाही. त्यात हे सांगितलं असतं तर लोकांनी दारात उभं केलं नसतं.

रोज एक ठिपका मागे जायचा. आणि जिकडे चालला होता तो दिवस आम्हा दोघींनाही माहीत होता. वहिनीने बॅग भरायची थांबवली. अर्ध्या साड्या आत, अर्ध्या बाहेर. "तिथवर जाऊ दे," म्हणायची. "माझा फोन वाजला नव्हता, एवढं दिसेल ना त्यात?"

"फोन कसा दिसेल? आवाज नाही होत यात रेकॉर्ड."

"मी आत गेले नाही ते तर दिसेल. का गेले नाही ते कोण बघणार?" आणि तीच हसली.

मग एक दिवस असा लागला की सकाळपासून पडद्यावर नुसती भिंत. आईच्या खोलीची डावीकडची भिंत, रंगाचा पोपडा उडालेली. दुपारपर्यंत भिंतच. मग चित्र हललं, भिंत डावीकडे सरकत गेली आणि पलंग आला. पलंगाशेजारी दादा उभा. हातात फोन. अंगठा फोनवर सरकतोय आणि नजर वर, कॅमेऱ्याकडे.

"हे फोनवर काय करतायत?" वहिनीने विचारलं.

"कॅमेरा वळवतोय. पलंगाकडे."

"म्हणजे आधी भिंतीकडे होता?"

"हो."

"भिंतीकडे कुणी वळवला?"

मी रेकॉर्डरचा पंखा पुसायला घेतला. तो पुसायची काही गरज नव्हती.

त्याच्या आधीचे सगळे दिवस भिंतीचे निघाले. भिंतीवरून सावल्या जायच्या. माणसं येऊन बसल्याच्या, उठल्याच्या, कुणी चादरी-उशा उचलून नेल्याच्या. एक सावली बराच वेळ एका जागी उभी होती. ती माझी. अंगावरच्या ओढणीवरून ओळखली.

नंतर तो दिवस लागला. वहिनीने सकाळीच कळवलं, "आलाय." मी हातातलं काम टाकून गेले. दादा ऑफिसला गेलेला. पॅसेजमध्ये दोघी स्टुलांवर बसलो.

या दिवशी सकाळी पलंग दिसत होता. आई होती.

मला वाटलं होतं मी रडेन. पण मी आधी पडद्यावरची धूळ पुसली.

वहिनी आत आली, म्हणजे पडद्यातली. तिने आईचं अंग पुसलं, केस विंचरले. काहीतरी बोलली तशी आई हसली, खांदे हलवत, बिनआवाजाची.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, चला, तुम्हाला दाखवायचा कार्यक्रम ठरलाय. मुलगा जरा म्हातारा आहे, चालेल ना."

आम्ही दोघीही हसलो. मग ती पडद्यातली वहिनी बाहेर गेली.

दुपार झाली. आई झोपली. मग जागी झाली. छातीवर हात ठेवून जरा वेळ पडून राहिली.

मग हात वर केला.

पंजा उघडा, सरळ कॅमेऱ्याकडे. हात थरथरत होता. खाली आला. पुन्हा वर गेला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागली. तिचा फोन तेव्हा जिथे होता तिथे.

पडद्यावरची आई मोठी व्हायला लागली.

"हे काय?"

"कुणीतरी जवळ घेतंय," मी म्हणाले. "फोनवरून."

आईचा चेहरा पडदाभर झाला. कपाळावर घाम होता. ती सरळ आमच्याकडे बघत होती. कॅमेरा घुर्र करतो ते तिला माहीत होतं. घुर्र झालं म्हणजे मुलगा बघतोय.

आई हसली.

चेहरा लहान झाला. क्षणभर काहीच झालं नाही.

मग पलंग डावीकडून उजवीकडे सरकायला लागला. हळूहळू, झोपलेल्या माणसाची चादर ओढावी इतक्या हळू. आधी उशी गेली. मग हात गेला.

भिंत.

खिडकीतलं ऊन भिंतीवर पडलं होतं. उन्हात हाताची सावली होती. पाच बोटांची. ती बराच वेळ वर होती.

मग नव्हती.

पुढे वहिनीची सावली आली, हातात ट्रे. ट्रे वाकडा होत गेला. वहिनीने हात पुढे करून रेकॉर्डर थांबवला.

ती उठली, खोलीत गेली. बॅगेतल्या साड्या तिने कपाटात लावल्याचं मला ऐकू आलं. रिकामी बॅग कपाटावर चढवली. बाहेर येऊन तिने तिचा फोन माझ्यापुढे धरला.

"ते ॲप माझ्या फोनवर घालून दे."

"आता त्या खोलीत आहे कोण बघायला?"

"असू दे. एकाच्या तरी फोनवर असावं."

मी घातलं. मान कशी वळवायची तेही दाखवलं. ती चटकन शिकली.

दादा आला तेव्हा मी अजून तिथेच होते. त्याला बसवलं आणि दाखवलं. त्याने पूर्ण बघितलं, सावलीपर्यंत. मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "कॅमेरा आपोआप वळायचा कधीकधी. स्वस्तातला आणलास तू."

"दादा."

"दिवसातून किती वेळा हात वर करायची, माहितीये तुला?" तो माझ्याकडे बघत नव्हता. "पाणी नको, काही नको. नुसता हात वर. मी बघतोय का, ते बघायला. मीटिंगमध्ये, जेवताना, गाडीत. कितीदा माणसाने..." पुढचं त्याने गिळलं. "आपोआप वळायचा."

"हो," वहिनी दारातून म्हणाली. "आपोआपच."

एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बोलला. "चहा मिळेल?"

ही त्याची माफी. वहिनीने चहा टाकला.

"काढ ती डिस्क," दादा मला म्हणाला. हातोडी त्याने आधीच हातात घेतली होती. नवीकोरी डिस्क होती, तरी मी काढली. कुणाला दाखवणार होते? तिच्यातलं या पॅसेजच्या बाहेर जातच नव्हतं. त्याने खिळा लावला. या वेळी एकच घाव घातला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला, छातीला हात लावून. म्हणाला, दमलो जरा. मग भिंतीला धरत उठला आणि आईच्या खोलीत जाऊन नुसत्या गादीवर आडवा झाला. "दार लोटून घे गं," आतून म्हणाला.

मी लोटलं. रेकॉर्डरचं झाकण बसवायला वळले. डिस्क नव्हती म्हणून तो टीं टीं करत होता. आवाजाच्या सेटिंगकडे जाता जाता दिनदर्शिका उघडली गेली. डिस्कच नाही म्हटल्यावर एकही ठिपका नसायला हवा. या महिन्यात नव्हताच.

पुढच्या महिन्यात एक होता.

मी बोट ठेवलं.

आईची खोली. पलंगावर नवी चादर, औषधांचं टेबल. उशीवर कुणीतरी होतं, पण ऊन तोंडावर असल्यामुळे चेहरा कळत नव्हता. मग हात वर आला. उघडा पंजा, सरळ माझ्याकडे. पंजाखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला, घड्याळाची तबकडी उन्हात चमकली.

हात थरथरत होता. मग पलंग सरकायला लागला, हळूहळू, एका बाजूला. आधी उशी गेली.

वहिनीचा फोन माझ्याशेजारी बुटांच्या कपाटावर पालथा पडला होता. ती स्वयंपाकघरात कप विसळत होती.

"ते टीं टीं बंद नाही का होत गं?" तिने आतून विचारलं.

"होतं," मी म्हणाले, आणि सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं.